ग्रंथालयात बोलू द्या

प्रति,
बेळगाव आणि सीमाभागातील सार्वजनिक ग्रंथालयांचे अधिकारी, ग्रंथपाल आणि समिती सदस्य यांना

स. न. वि. वि.

मी उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. राहायला वडगावात. साहित्यिक नाही, प्राध्यापक नाही, कुठल्या संघटनेचा पदाधिकारीही नाही. वाचक आहे, आणि माझ्यासारख्याच पंधरा-वीस वाचकांच्या वतीने हे लिहितो आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत जमत होतो. तिथे आता नोटीस लागली आहे. वाचन कक्षात चर्चा, बैठका आणि समूहवाचन करायला सक्त मनाई. कुणाची सही नाही, तारीख नाही. आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "वरून आलंय." वर म्हणजे कोण, ते कुणाला सांगता येईना. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच, आणि उघड.

शाखेचे नाव मुद्दाम घेत नाही. तिथले ग्रंथपाल भले गृहस्थ आहेत, आमच्यासाठी त्यांनी अनेकदा स्वतः खुर्च्या मांडल्या आहेत. त्यांच्यावर कुणी खापर फोडावे असे मला वाटत नाही. शिवाय हे दुखणे एका शाखेचे नाही. शेजारच्या तालुक्यांतले वाचक भेटले की थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

आम्ही तिथे काय करत होतो ते आधी सांगतो, कारण नोटीस काढणाऱ्याने ते एकदाही पाहिलेले नसावे.

जो तो सध्या जे वाचतो आहे ते पुस्तक घेऊन येतो. "काय वाचूलालाय?" एवढ्या प्रश्नावर बैठक सुरू होते. दहाएक मिनिटे बोलायचे. शेवट सांगायचा नाही. पुस्तक आवडले असेल तर त्यातले एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणजे कौतुक खरे की उसने ते ऐकणाऱ्यालाच कळते. आवडले नसेल तर कुठल्या पानावर सोडले ते सांगायचे. भाषण, हारतुरे, प्रास्ताविक काही नाही. चहासुद्धा बाहेर कोपऱ्यावर, स्वतःच्या पैशाने. शेवटी पुस्तके हातोहात फिरतात. ग्रंथालयाची असतील ती रीतसर नोंद करून, घरची असतील ती आमच्या वहीत लिहून.

एवढ्याने काय होते, असे कुणी विचारेल. सांगतो.

आमच्यात यंत्रमागावर काम करणारे एक काका आहेत. त्यांनी वर्षानुवर्षे रणजित देसाईच वाचले. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी', मग पुन्हा 'स्वामी'. त्यात वाईट काही नाही. कोवाड म्हणजे आपल्याच बाजूचे गाव, आणि या भागात मराठी वाचणाऱ्या पुष्कळांची सुरुवात तिथूनच होते. पण काका तिथेच थांबले होते. आवड नव्हती म्हणून नव्हे, पुढे काय आहे हे सांगणारे कुणी भेटले नव्हते म्हणून. एका रविवारी एकाने महादेव मोरे यांची एक कथा वाचली. निपाणीचे मोरे, पिठाची गिरणी चालवत लिहिणारे, गॅरेजमधल्या पोरांचे, ड्रायव्हरांचे, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचे जगणे कथेत आणणारे. वाचून झाल्यावर काका म्हणाले, "ह्ये तर आमच्याच गल्लीतलं हाय की!" पुढच्या आठवड्यात ते मोऱ्यांची पुस्तके शोधायला ग्रंथालयात गेले. एक सापडले, ते मागच्या खोलीत, जमिनीलगतच्या फळीवर.

दुसऱ्या एक बाई इस्पितळात नर्स आहेत. रात्रपाळीत जाग राहावी म्हणून वाचायला लागल्या. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली आणि नवऱ्याच्या विसराळूपणाचे, हट्टाचे किस्से असे वाचून दाखवले की आमच्यातले अर्धे लोक ते पुस्तक मागायला लागले. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या, आणि म्हणूनच की काय, त्यांचे मराठी घरातल्या बाईने ओट्याशी बसून बोलावे तसे आहे. धर्मांतरासारखी घर हादरवणारी गोष्टसुद्धा त्या रडगाणे न करता सांगतात. मी स्वतः सध्या तेच वाचतो आहे आणि मुद्दाम सावकाश वाचतो आहे, संपू नये म्हणून.

कवितेचे नाव काढले की पुरुष मंडळी घड्याळ बघतात, हा सगळीकडचाच अनुभव असावा. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकेने त्यावर उपाय काढला. त्या फक्त इंदिरा संतांच्याच कविता आणतात, आणि एका वेळी एकच. इंदिराबाईंचे आयुष्य याच बेळगावात गेले, इथेच त्यांनी शिकवले, इथेच लिहिले. 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या शाखेत इंदिराबाईंचे एकही पुस्तक उघड्या फळीवर नाही. ज्या शहरात ही कवयित्री राहिली त्या शहरात हे, म्हणून राग येतो.

आणि आता ती बैठक, जिच्यामुळे बहुधा हे प्रकरण वरपर्यंत गेले. आमच्यात गोकाककडचे एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, घरची भाषा कन्नड. त्यांनी भैरप्पांचे 'वंशवृक्ष' मूळ कन्नडमधून वाचलेले, आम्ही उमा कुलकर्णींच्या अनुवादातून. उमाताई जन्माने बेळगावच्याच, आणि याच अनुवादासाठी त्यांना १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. गोकाकच्या काकांनी एक उतारा कन्नडमध्ये वाचला, तोच आमच्यातल्या एकीने मराठीत. मग वाद पेटला. विधवा कात्यायनीने मुलाला सासऱ्याकडे ठेवून दुसरे लग्न केले, त्यात तिचे चुकले का? आणि तिचे सासरे श्रोत्री, जे सगळ्यांना एवढे थोर वाटतात, त्यांचे थोरपण कुणाच्या जिवावर उभे आहे? कन्नड आणि मराठी माणसे एका टेबलाभोवती बसून भांडत होती, आणि भांडणात भाषेचा पक्ष कुठेच नव्हता. नर्सबाई आणि गोकाकचे काका कात्यायनीच्या बाजूने, यंत्रमागवाले आणि मी श्रोत्रींच्या. आवाज चढला असेल तर तो कात्यायनीमुळे.

बेळगावात असे टेबल उपलब्ध असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे जन्मलेल्या बाईने कन्नड कादंबऱ्या मराठीत नेल्या. इथे शिकलेले जी. ए. कुलकर्णी पुढे धारवाडात राहून, कन्नडच्या शेजारात, मराठी कथा लिहीत राहिले. दोन्ही भाषांची कपाटे समोरासमोर असलेली सार्वजनिक ग्रंथालये फार ठिकाणी नसतील. ती तुमच्याकडे आहेत. तिथे बोलायला बंदी घालून तुम्ही नेमके काय वाचवले?

आता तक्रारी.

पहिली अर्थातच बंदीची. कारण सांगितले गेले ते शांततेचे. स्पर्धा परीक्षांची मुले तिथे दिवसभर बसतात. पोलीस भरती, बँक, केपीएससी, त्यांच्या घरी अभ्यासाला जागा नसते, त्यातली काही आमचीच मुले-पुतणे आहेत. त्यांना शांतता हवी, यात वादच नाही. पण त्याच इमारतीत बाजूला एक खोली आहे, जिच्यात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि पाय मोडलेल्या खुर्च्या आहेत. ती रविवारी सकाळी दोन तास उघडून द्या एवढे आम्ही तोंडी आणि लेखी सांगितले. खोली साफ करायचीही तयारी दाखवली. त्यावर उत्तरच नाही.

दुसरे एक कारण दबक्या आवाजात सांगितले गेले, तेही इथे उघड लिहितो. मराठी माणसे जमली म्हणजे उद्या काही तरी होईल, पोलिसांचा फोन येईल, नको ती कटकट. सीमाप्रश्नावर आमच्यातल्या प्रत्येकाचे मत आहे आणि ते सारखेही नाही. ते मांडायच्या जागा वेगळ्या आहेत. १९४६ चे बेळगावचे साहित्य संमेलन ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हा इतिहास आम्हालाही माहीत आहे, तुम्हालाही. पण दर महिन्याला पुस्तक घेऊन येणारी नर्स आणि टर्नर हे काही संमेलन नव्हे. ज्या टेबलावर गोकाकचे काका कन्नड उतारा वाचतात त्या टेबलाची भीती वाटत असेल, तर एकदा येऊन बसा. खुर्ची आम्ही देऊ.

तिसरी तक्रार कपाटांची, आणि माझ्या मते ती बंदीपेक्षाही मोठी आहे. मराठी पुस्तकांची कपाटे हळूहळू आतल्या खोलीत गेली. आता चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यायचे, मग शिपाई आत जाऊन आणणार. ज्याला नाव माहीत आहे त्याचे ठीक. ज्याला नाव माहीत नाही त्याने काय मागायचे? फळीपुढे उभे राहून, चार पुस्तके चाळून, पाचवे घरी नेण्यात अर्धे वाचन असते. दर १२ ऑगस्टला तुम्ही ज्यांच्या तसबिरीला हार घालता त्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी आहेत हा पहिला, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे हा तिसरा. वाचकाने थेट फळीपर्यंत जावे यासाठी हा माणूस जन्मभर आग्रह धरत राहिला. कुलूपबंद मराठी कपाटातल्या पुस्तकांना वाचक कुठून मिळणार? आणि मग वर्षअखेरीस देवघेवीचे रजिस्टर दाखवून म्हणायचे, मराठीला मागणीच नाही.

हे रजिस्टरचे गणित जरा थांबून पाहण्यासारखे आहे. रजिस्टरात त्याच पाच-सहा ऐतिहासिक कादंबऱ्या दिसतात, म्हणून खरेदीही त्याच धर्तीची होते. नवे काही येत नाही, म्हणून नवे काही मागितले जात नाही. हे चक्र मोडायची एकच रीत मला माहीत आहे. एका वाचकाने दुसऱ्याला सांगायचे, हे वाचून बघ. जाहिरातीने ते होत नाही, परिपत्रकाने तर नाहीच. आमच्या बैठकांनंतरच्या आठवड्यात कोणती पुस्तके बाहेर गेली ते तुमच्याच रजिस्टरात पाहा. तो पुरावा तुमच्याकडेच आहे.

बाकीचे थोडक्यात. संगणकातल्या यादीत मराठी पुस्तकांची नावे इंग्रजी अक्षरांत आहेत, आणि ज्याला जशी सुचली तशी. 'बनगरवाडी' शोधायला तीन प्रकारे टंकावे लागते. देवघेवीची खिडकी आमची पाळी सुटायच्या आत बंद होते, म्हणजे कामगार वाचकाने रजा टाकून पुस्तक बदलायचे. मराठी मासिके बंद झाली. दिवाळी अंकांची १९०९ पासूनची परंपरा आहे, आमच्या शाखेत ते कधी आलेच तर शिमग्याच्या सुमाराला येतात.

मुलांविषयी मात्र थोडक्यात आवरता येणार नाही. सीमाभागातली पुष्कळ मराठी घरांतली मुले आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. ती त्या त्या घराची निवड आहे, मी तिला नावे ठेवत नाही. या मुलांना हिंदीमुळे देवनागरी अक्षरे येतात, घरात मराठी बोलतात, पण मराठी पान समोर धरले की अडखळतात. अक्षर ओळखीचे, वाक्य परके. अशा मुलाला पुस्तक देऊन "जा, वाच" म्हणण्यात अर्थ नसतो. कुणी तरी बाजूला बसून मोठ्याने वाचावे लागते. आमच्याकडे नववीतला एक मुलगा यायचा. 'बनगरवाडी' आम्ही आळीपाळीने वाचत होतो, मेंढक्यांच्या वस्तीवर आलेल्या कोवळ्या मास्तराची गोष्ट. सुरुवातीला तो फक्त ऐकायचा, मग एक परिच्छेद, मग अख्खे पान. तालीम बांधून होते त्या भागापर्यंत आम्ही आलो होतो आणि नोटीस लागली. समूहवाचनाला मनाई करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हा मुलगा नव्हता. याच राज्यात ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांतून मुलांना वाचनाकडे आणण्यासाठी 'ओदुव बेळकु' हा उपक्रम चालतो, आणि तो चांगला आहे. मग शहरातल्या शाखेत मोठ्याने वाचणे गुन्हा कसे?

आता पैशाचे. कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा. त्यानुसार शहरातला प्रत्येक घरमालक घरपट्टीवर ग्रंथालय कर भरतो, रुपयामागे सहा पैसे. मीही भरतो, पावतीवर छापलेले असते. म्हणजे आम्ही कुणाच्या मेहेरबानीने तिथे बसत नव्हतो. कन्नड पुस्तके कमी करा, असे आम्ही कधी म्हटले नाही, म्हणणारही नाही. आमच्या करातून आमच्याही भाषेची पुस्तके यावीत एवढेच. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर साठच्या दशकातच मान्य झालेले आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणसे किती, हे मोजायला जनगणनेची वाट पाहावी लागत नाही.

जाता जाता चार शब्द आपल्याच मंडळींना, कारण सगळे खापर सरकारी दारात फोडणे मला पटत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, आपल्या गावोगाव साहित्य संमेलने होतात. लेझीम, फेटे, पालखीत ग्रंथ, अख्खे गाव दिंडीत. मी हौसेने जातो. पण संमेलन उठल्यावर त्या गावातल्या वाचनालयाचे दार किती दिवस उघडे असते? तिथल्या समित्यांनी हे पत्र स्वतःलाही आलेले समजावे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. तेव्हा ना आजची राज्ये होती, ना आजचा वाद. लोकांनी वर्गणी काढून ते उभे केले होते. पालखीच्या खर्चातला थोडा वाटा पुस्तकांच्या खरेदीला आणि एका माणसाच्या पगाराला गेला, तर संमेलनाची शोभा काही कमी होणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, चर्चा आणि समूहवाचनावरची सरसकट बंदी मागे घ्या. महिन्यातून एका रविवारी दोन तास, अभ्यासिकेपासून वेगळी खोली कुठल्याही भाषेच्या वाचकगटाला द्या. कन्नड वाचकांचा गट असेल तर त्याला आधी द्या, आमची हरकत नाही. अटी लेखी घाला. राजकीय भाषण नको, फलक नको, वर्गणी नको, सगळे मान्य.

दोन, मराठी कपाटे बाहेर आणा. कुलूप लावायचेच असेल तर दुर्मीळ पुस्तकांना लावा.

तीन, वाचकांच्या मागणीची एक वही खिडकीवर ठेवा, आणि वर्षाच्या खरेदीतला काही भाग त्या वहीतून होऊ द्या. कोणती पुस्तके घेतली, कोणती नाकारली, का नाकारली, हे फलकावर लागावे. ग्रंथालय कराचे किती पैसे आले आणि त्यातले कुठल्या भाषेच्या पुस्तकांवर किती गेले, तेही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम चार आहे, अर्ज न करता स्वतःहून माहिती देण्याचे. आम्हाला अर्ज करायला लावू नका.

चार, आठवड्यातून निदान दोन दिवस देवघेव रात्री आठपर्यंत चालू ठेवा. सकाळी उशिरा उघडा, चालेल.

पाच, मराठी पुस्तकांची यादी देवनागरीत करा. टंकायला माणूस नसेल तर आमच्यातले तिघे विनामूल्य बसायला तयार आहेत. त्यांत गोकाकचे काकाही आहेत, कारण कन्नड यादीतही त्यांनी बऱ्याच चुका शोधून ठेवल्या आहेत.

१४ नोव्हेंबरला राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह सुरू होतो. त्याआधी उत्तर द्या. सप्ताहाच्या कार्यक्रमात एक तास आम्हाला दिलात तर 'बनगरवाडी'चा उरलेला भाग तिथेच वाचू. उत्तर नकाराचे असेल तरी चालेल, पण त्यावर सही असावी, तारीख असावी आणि कारण असावे. कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा, आम्हाला दोन्ही वाचता येते. नोटीस लावली होती त्याच फलकावर लावा.

आपला,
वडगावातला एक वाचक